सात नंबरला लागलेला धक्का

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या त्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी हातातलं सगळं काढून ठेवावं लागे. घड्याळ, अंगठी, कडं, बांगड्या, काहीही असो. दाराशी एक स्टीलचा डबा होता, त्यात टाकायचं आणि मगच आत यायचं. हा धोटे सरांनी घालून दिलेला नियम. सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी कुंदा वैरागडे रोज सकाळी न चुकता आपल्या दोन बांगड्या त्या डब्यात टाकायची. डब्यात आता दुसऱ्या कुणाचं काही नसे. बावीस माणसांची प्रयोगशाळा दोन माणसांवर आली होती आणि त्यातलाही एक शिपाई होता. येत्या तीस जूनला तर कुलूपच लागणार होतं.

हा सगळा सोवळ्याओवळ्याचा थाट सात नंबरसाठी. सात नंबर म्हणजे प्लॅटिनमचा थर्मामीटर. दिसायला काही नाही हो, हातभर लांब क्वार्ट्‌झची काचनळी, आणि तिच्या टोकाशी शुद्ध प्लॅटिनमची केसासारखी तार, सैल गुंडाळून ठेवलेली. तार तापली की ती विजेला जास्त अडवते. किती अडवते ते ओहममध्ये मोजायचं. बर्फाच्या आसपास साडेपंचवीस ओहम, आणि पुढे दर अंशाला साधारण एक दशांश ओहमची वाढ. हे इतकं नेमकं चालतं की अंशाचा हजारावा भागसुद्धा त्याच्यापासून लपत नाही. बाकीचे थर्मामीटर बरोबर की चूक, ते याच्याशेजारी ठेवून ठरवायचं.

पण स्वभावाने भलता नाजूक. नळी कुठे आपटली, नुसतं टिक् वाजलं, तरी आतल्या तारेवर ताण येतो आणि ती मूळच्यापेक्षा जास्त ओहम दाखवायला लागते. मग सहाशेसाठ अंशांच्या भट्टीत चार तास ठेवून हळूहळू निववायचं, की तार ताण सोडून बरीचशी पूर्वपदावर येते. म्हणून सरांनी एक वही ठेवली होती. तिचं नावच धक्कावही. कुणाच्या हातून सात नंबरला जरा जरी धक्का लागला तर त्याने स्वतः तारीख, वेळ आणि नाव लिहायचं. रागवायचं कुणी नाही, हाही नियमच. तीस वर्षांत त्या वहीत नऊ नोंदी होत्या आणि त्यातल्या चार खुद्द सरांच्या होत्या.

दहावी नोंद व्हायला हवी होती. ती झाली नव्हती, आणि ते एकट्या कुंदाला ठाऊक होतं.

आता ही प्रयोगशाळा ओस का पडली, तर टिकल्यांमुळे. दोन हजार त्रेचाळीस साल चालू होतं, आणि विदर्भात उघड्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हेल्मेटमागे एक टिकली असायची. रुपयाएवढी, काळी, खाली पाण्याच्या कुपीत बुडवलेली बारकी वात. ओल्या वातीतलं पाणी उडतं तशी टिकली गार होते, माणूस घाम वाळून गार होतो तसाच. हवाच दमट असली की पाणी उडत नाही, घाम वाळत नाही, आणि माणूस आतल्या आत शिजायला लागतो. टिकलीच्या या आकड्याला लोक ओलं माप म्हणत. ओलं माप एकतीसला टेकलं की भोंगा वाजायचा आणि कायद्याने काम बंद, मजुरी चालू. त्या भोंग्याने पाच वर्षांत हजारो जीव वाचवले होते. हे कुंदालाही मान्य होतं, आणि अभिमानही होता, कारण टिकल्यांचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या चमूत तिची मुलगी आसावरी होती.

लाखो टिकल्या दरवर्षी प्रयोगशाळेत तपासणार कोण? आसावरीच्या कंपनीने त्यावर युक्ती काढली. संध्याकाळी हेल्मेटं खुंट्यांवर टांगली की टिकल्या आपसात आकडे ताडून पाहायच्या, आणि जी वेगळी बोलेल ती बहुमतासारखं स्वतःला सुधारून घ्यायची. नव्या टिकल्या जुन्यांकडून शिकायच्या. अगदी पहिल्या हजार तेवढ्या कुंदाच्या प्रयोगशाळेत सात नंबरशी जुळवल्या होत्या. विरजण एकदाच लावलं, पुढे दह्यातूनच दही. तपासणीचं कामच संपलं, आणि आईच्या प्रयोगशाळेला लेकीने कुलूप लावलं असं नातेवाईक हसत हसत म्हणायचे. कुंदाही हसायची.

मग सुधाकर पडला.

सुधाकर तिचा धाकटा भाऊ. चंद्रपूरजवळ नदीवर पूल होत होता, तिथे तो बारा माणसांचा मुकादम. मे महिन्याच्या शेवटाला, भर दुपारी, सळ्या बांधता बांधता तो जो कोसळला तो तीन दिवस शुद्धीवर नव्हता. डॉक्टर म्हणाले उष्माघात. पाहणीला आलेल्या साहेबाने लिहिलं की ओलं माप तीस पूर्णांक सहा होतं, भोंगा वाजायचा प्रश्नच नव्हता, संबंधिताने मद्यपान केलं असण्याची शक्यता आहे. सुधाकर चहासुद्धा पीत नाही. त्याला पडण्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं होतं.

तीन आठवडे तो कुंदाकडे नागपूरला होता. येत्या सोमवारी परत कामावर जाणार, असं त्याने जाहीर करून टाकलं. कुंदाने नाना तऱ्हांनी समजावलं, ऐकेना. माझी बारा माणसं तिथे आहेत, मी इथे कूलरसमोर काहून बसू, हे त्याचं पालुपद. आणि मग जेवता जेवता तो सहज म्हणून एक बोलून गेला.

"ताई, भोंग्याचं मले काही समजत नाही. पण त्या दिवशी डोक्यावरचा दुपट्टा वाळूनच नव्हता राहिला. सकाळी भिजवला, तो दुपारीही वलाच."

कुंदाचा घास हातातच राहिला. दुपट्टा वाळत नाही म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? तो दुपट्टा म्हणजेच ओलं माप होतं. सुधाकरचं हेल्मेट दवाखान्यातून त्याच्याबरोबर आलं होतं आणि तिच्या गॅलरीत पडलं होतं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ते पिशवीत घालून ती प्रयोगशाळेत घेऊन गेली.

आधी पाण्याची भेट घ्यायची, असा तिथला रिवाज. काचेच्या एका बंद भांड्यात अतिशुद्ध पाणी असतं, हवा अजिबात नाही. त्यात बर्फ, पाणी आणि वाफ अशी तिन्ही रूपं एकत्र नांदायला लागली की तापमान ठरलेलं: शून्याच्या वर एक शतांश अंश. नागपुरात असो नाहीतर नॉर्वेत, भांडं कुणीही बनवलेलं असो. कुणाला विचारावं लागत नाही, कुणाची सही लागत नाही. सात नंबर रोज आधी त्या पाण्यात उतरवायचा, आकडा लिहायचा. मग दिवसाचं काम, आणि काम संपलं की पुन्हा पाण्यात उतरवून आकडा लिहायचा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर मधल्या वेळात सात नंबरला काही झालं नाही.

तिने एकतीस अंशांच्या पाण्यात सात नंबर आणि सुधाकरच्या हेल्मेटची टिकली शेजारीशेजारी धरली. सात नंबर म्हणाला एकतीस पूर्ण. टिकली म्हणाली तीस पूर्णांक अडतीस.

तिने तीनदा पाहिलं. मग सुधाकरला सांगून सुट्टीवर गावी गेलेल्या चौघांची हेल्मेटं एस.टी.ने मागवली. चारही टिकल्या तेच म्हणत होत्या, तीस पूर्णांक अडतीस, शेवटच्या आकड्यापर्यंत. सीताबर्डीच्या दुकानातून एक नवीकोरी टिकली आणली. ती आली तशी अगदी बरोबर होती. संध्याकाळी कुंदाने ती त्या जुन्या चौघींशेजारी खुंटीवर टांगली आणि घरी गेली. सकाळी नवीनेही तीस पूर्णांक अडतीस म्हणायला सुरुवात केली होती. नवी सून पहिल्याच दिवशी खरं बोलली, आणि घरातल्या साऱ्या जणींनी मिळून तिला गप्प केलं, तसला प्रकार.

कारण समजायला वेळ लागला नाही. टिकलीच्या आतला कण ज्या डिंकाने चिकटवलेला होता, तो उन्हाळ्यांमागून उन्हाळे आकसत होता आणि प्रत्येक टिकलीला खाली ओढत होता. सगळ्या एकाच दिशेने, एकाच वेगाने. बहुमतच घसरत चाललं तर चूक दाखवणार कोण? सहा दशांशाचा फरक ऐकायला किरकोळ. पण जूनच्या दमट दिवसांत तेवढ्यासाठी भोंगा दोन दोन तास उशिरा वाजत होता.

तिने आसावरीला फोन लावला. आसावरी पुण्याला असायची. कुंदाने आकडे सांगितले, नव्या टिकलीचं सांगितलं. आसावरीने बारीकसारीक प्रश्न विचारले, कारण मुलगी आईवर गेली होती. शेवटी तिने म्हटलं की शनिवारी कामगार खात्याच्या निकुरे मॅडमसमोर हे मांडू, त्यांना तिथल्या तिथे आदेश काढता येतो, आणि मॅडम प्रयोगशाळेतच येतील.

"पण आई, कंपनी पहिला प्रश्न सात नंबरवर घेणार. पहिल्या हजार टिकल्या त्याच्याशीच जुळवल्यात. त्या दिवसाची वही स्वच्छ आहे ना?"

"आहे," कुंदा म्हणाली. लगेच फोन ठेवून दिला.

सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस. पहिल्या हजार टिकल्यांचं काम संपत आलेलं, कंपनीची माणसं सर्टिफिकेटसाठी गाडी चालू ठेवून उभी. संध्याकाळी त्याच दिवशी धोटे सरांचा निरोप समारंभ. कुंदाने जरीची साडी नेसून घेतली होती, आणि घाईत हिरव्या काचेच्या बांगड्याही चढवल्या होत्या. शेवटचा आकडा घ्यायचा राहिलाय हे आठवलं तशी ती धावत आत आली, डब्याकडे न बघता. सात नंबर पाण्याच्या भांड्यात उतरवताना बांगडी काठाला अडकली, हाताला हिसका बसला आणि नळी जोरात आपटली. टिक् नव्हे, चांगला ठण् असा आवाज आला. हिसक्याने भांड्यातलं बर्फाचं कवचही फुटलं. कवचाशिवाय आकडा घेता येत नाही, आणि नवं बसायला एक दिवस लागतो. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता, हॉलवर सर हार घालून घ्यायला थांबले होते. कुंदाने वहीत सकाळचाच आकडा खाली उतरवला.

आठवड्याने तिने गुपचूप मोजून पाहिलं तर सात नंबर चार शतांश अंशाने जास्त दाखवत होता. तिने त्याला भट्टीत घालून बरा केला आणि मूग गिळून बसली. म्हणजे त्या धक्क्याने टिकल्या चुकल्याच असतील तर चार शतांशाने वर, भोंगा लवकर वाजेल अशा. आजची चूक सहा दशांशाची आणि नेमकी उलटी. या दोन चुकांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे कुंदाला लख्ख दिसत होतं. पण ते सांगणार कोण? जिने खोटा आकडा लिहिला तीच ना.

तिने आकड्यांची जुनी वही काढून ते पान उघडलं. सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा, सातही अंक सारखे. खऱ्या मोजमापात शेवटचा अंक असा कधी जुळत नाही, हे कळणाऱ्याच्या एका नजरेत दिसलं असतं. पण निकुरे मॅडम काही कळणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि कंपनीलाही त्या दिवसाची नोंद नसलेली धक्कावही दाखवली तरी पुरलं असतं. गप्प बसलं तर शनिवारी आदेश निघतो, सोमवारी भोंगा वेळेवर वाजतो, सुधाकर आणि त्याची बारा माणसं सावलीला बसतात. बोललं तर कंपनी म्हणणार, तुमचा सात नंबरच नासका, मग तुमचं बोलणं कशाला ऐकायचं. गप्प बसण्याचा मोह तिला झाला, चांगला रात्रभर झाला. त्यात भावाचा जीव होता, म्हणून तो मोह वाटतही नव्हता.

शुक्रवारी ती पाच टिकल्यांचे आकडे नीट कागदावर मांडत होती. तीस पूर्णांक अडतीस, तीस पूर्णांक अडतीस, एकाखाली एक. तिची नजर शेजारी उघड्या पडलेल्या जुन्या वहीवर गेली आणि तिथेच थांबली. अगं बाई, हे तर तेच. टिकल्या रोज संध्याकाळी जे करत होत्या तेच तिने त्या दिवशी केलं होतं. मोजलं नव्हतं, आधीच्याचं बघून लिहिलं होतं. आता तोच आकडा खरा म्हणून मॅडमपुढे ठेवायचा, आणि कशासाठी, तर टिकल्या खोट्या आहेत हे सिद्ध करायला. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती रिक्षा करून धोटे सरांच्या घरी गेली.

सर सत्तरीला आले होते. हातात घड्याळ अजूनही घालत नसत. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं, बांगडीपासून सातही अंकांपर्यंत. सर ऐकत राहिले. चहाचं विचारलं नाही.

"मी त्या सर्टिफिकेटवर सही केली होती," ते म्हणाले. "स्टेजवर चढायच्या आधी. खिशातलं पेन काढून."

एवढंच बोलून ते उठून आतल्या खोलीत गेले. कुंदा पंधरा मिनिटं हॉलमध्ये थांबली. डोळे भरून आले होते, पण रडायचाही तिला आता हक्क वाटत नव्हता. शेवटी ती चपला घालायला लागली, तेव्हा आतून आवाज आला. उद्या किती वाजता आहे म्हणून विचारत होते. तिने अकरा सांगितलं.

घरी येऊन तिने आसावरीला फोन केला आणि वही स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. आसावरी चिडली. असं चिडलेलं तिला कुंदाने कधी पाहिलं नव्हतं. सहा वर्षं तू मला तुझ्या सात नंबरचे गोडवे सांगत होतीस, असं ती म्हणाली, आणि मग एकदम रडायला लागली, कारण मामा सोमवारी जाणार होता आणि भोंग्याचा प्रोग्रॅम तिचा होता.

शनिवारी प्रयोगशाळेत वर्दळ झाली. निकुरे मॅडम दोन सहायकांना घेऊन आल्या. कंपनीकडून पिंगे नावाचे मोठे साहेब, त्यांच्यामागे उतरल्या चेहऱ्याची आसावरी. सुधाकर हट्टाने आला होता आणि आपल्याबरोबर पुलावरच्या तिघांना घेऊन आला होता. सगळ्यांनी घड्याळं, अंगठ्या डब्यात टाकल्या. पिंगे साहेबांची जाडजूड अंगठी निघेना, तेव्हा शिपायाने साबण आणून दिला. डबा कित्येक वर्षांनी भरला. अकराला पाच कमी असताना धोटे सर काठी टेकत आत आले आणि कुणाशी न बोलता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

कुंदाने आधी टिकल्यांचं दाखवलं. मग कुणी विचारायच्या आत जुनी वही मॅडमसमोर ठेवली, ते पान उघडून, आणि आपण काय केलं ते सांगून टाकलं. पिंगे साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं काम ते करणारच. ते शांतपणे म्हणाले की मग हा सगळा डोलाराच संशयास्पद ठरतो. टिकल्या खोट्या की सात नंबर खोटा, हे कोणी ठरवायचं? बाईंच्या शब्दावर साठ लाख टिकल्या मोडीत काढायच्या का? मॅडमनीही चष्मा काढून कुंदाकडे पाहिलं.

"माझ्या शब्दावर काहीच करू नका," कुंदा म्हणाली. "मी खोटं लिहिलंय. पाण्याला विचारा. इथे दोन भांडी आहेत, एक आमचं, एक विद्यापीठातून कालच मागून आणलेलं. सात नंबर तुम्ही स्वतः उतरवा, साहेब. आकडा तुम्ही वाचा."

पिंगे साहेबांनी उतरवला. आयुष्यात प्रथमच असली नळी धरली होती बिचाऱ्याने. एका भांड्यात जो आकडा आला तोच दुसऱ्यात, फरक फक्त शेवटच्या दोन अंकांत. म्हणजे आज तरी सात नंबर खरा होता. ते त्यांनी कबूल केलं. पण सहा वर्षांपूर्वीचं काय, त्या धक्क्याने काय बिघडलं असेल ते आज कसं कळणार, असं ते म्हणाले. प्रश्न बिनतोड होता.

कुंदा दाराशी गेली, डब्यातून आपली एक बांगडी काढून हातात चढवली आणि परत आली. सात नंबर उचलला. या नळीला बत्तीस वर्षं तिने तान्ह्या मुलासारखं जपलं होतं, आगगाडीने दिल्लीला नेताना रात्रभर मांडीवर धरून बसली होती. तिने एकदा सरांकडे पाहिलं. सर तिच्याकडेच पाहत होते. तिने सात नंबर भांड्यात उतरवता उतरवता हाताला हिसका दिला, आणि नळी काठावर आपटली. त्या दिवशीसारखाच ठण् आवाज झाला. आसावरीने तोंडावर हात ठेवला.

बर्फाचं कवच फुटलं. विद्यापीठाचं भांडं शाबूत होतं. कुंदाने त्यात सात नंबर उतरवून पिंगे साहेबांना खुणावलं. आकडा स्थिरावायला वीस मिनिटं लागली.

"वाढलाय," पिंगे साहेब हळूच म्हणाले. "तीन शतांश अंशाने."

"वाढलाय," कुंदा म्हणाली. "धक्का लागला की हा वाढतोच, कमी कधी होत नाही. मी त्या दिवशी टिकल्यांना चूक शिकवली असलीच, तर ती भोंगा लवकर वाजण्याची. आज जी चूक आहे ती त्यांनी आपसात शिकलेली आहे. मी वहीत केलं तेच त्या करतायत, मॅडम. मोजायचं सोडून शेजारच्याचं बघून लिहितायत."

काठीचा आवाज झाला. धोटे सर उठून टेबलापाशी आले, धक्कावही ओढून घेतली आणि खिशातून पेन काढलं. आधी त्यांनी ते कुंदापुढे धरलं. तिने सहा वर्षांपूर्वीची तारीख घातली, आजची तारीख घातली, आणि दहावी नोंद लिहिली. मग सरांनी वही आपल्याकडे घेतली. त्यांचं अक्षर आता वाकडं यायचं. त्यांनी सावकाश अकरावी नोंद लिहिली: मुद्दाम दिलेला धक्का, कुंदा वैरागडे, साक्षीदार अकरा. खाली सही केली आणि कुंदाच्या डोक्यावर हात ठेवला. आता मात्र तिला रडू आवरलं नाही.

आदेश त्याच दुपारी निघाला. सगळ्या जिल्ह्यांत भोंगा सहा दशांश आधी वाजवायचा, ताबडतोब, आणि दर शंभरातली एक टिकली दर तीन महिन्यांनी पाण्याशी जुळवून न्यायची. प्रोग्रॅम बदलायचं आसावरीने तिथल्या तिथे कबूल केलं. पाण्याकडून आलेल्या टिकलीने बाकीच्यांना सुधारायचं, बाकीच्यांनी तिला नाही. तीस जूनचं कुलूप अर्थातच रद्द झालं, कारण एवढ्या टिकल्या तपासायला आणखी माणसं लागणार होती. कुंदाचा सर्टिफिकेटवर सही करायचा अधिकार एक वर्षासाठी काढून घेतला गेला. तो जायलाच हवा होता असं तिने स्वतः सरांना सांगितलं, आणि सरांनीही हो म्हटलं. सुधाकरच्या कागदावरचं मद्यपानाचं वाक्य मॅडमनी स्वतःच्या हाताने खोडलं.

सोमवारी आभाळ भरून आलं होतं आणि अंगाची नुसती चिकचिक होत होती. सात नंबर पहाटेपासून भट्टीत होता. आसावरी सुट्टी घेऊन थांबली होती. तिने घड्याळ काढून डब्यात टाकलं आणि आईशेजारी स्टूल घेऊन बसली. सव्वाअकराला फोन वाजला.

"ताई, वाजला भोंगा," सुधाकर म्हणाला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. सगळी झाडाखाली बसली होती, माठातलं पाणी पीत होती, आणि अर्धं सिमेंट ओतायचं राहिलं म्हणून तो कुरकुरत होता. कुरकुरतच त्याने दुपट्टा अजून वलाच आहे म्हणून सांगितलं. कुंदाने जेवून घे म्हटलं आणि फोन ठेवला.

सात नंबर निवायला संध्याकाळ झाली. तिने तो पाण्यात उतरवला, आपटणार नाही अशा बेताने, आणि पेन घेऊन वही पुढे ओढली. वरच्या ओळीत शनिवार सकाळचा आकडा होता. आसावरी यंत्रावरचे अंक वाचायला लागली. पहिले पाच तेच आले. पुढचे दोन वेगळे होते.

"आई, शेवटचे दोन जुळत नाहीत. परत मोजू का?"

"नको," कुंदा म्हणाली. "दिसतायत ते सांग."

आसावरीने सांगितले. कुंदाने वरची ओळ तळहाताने झाकून घेतली आणि ते लिहिले.